धुई पडली की क्लास

परवा पहाटे दार उघडलं आणि समोरची धानाची बांधी दिसेना. बांधीच काय, अंगणातला पेरू दिसेना. धुक्याला आमच्याकडं धुई म्हणतात. रात्री झोपताना आभाळ मोकळं असतं आणि पहाटे बघावं तर गावावर कोणी ओला पंचा टाकून दिल्यासारखं. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या, त्यांचा ओलसर गोड वास, कुठल्यातरी शेकोटीचा धूर त्या धुईतच अडकून बसलेला. लोकांना आवडतं हे सगळं. आजकाल तर पोरं उठून फोटो काढतात. मी मात्र दारातच खिळून राहिली.

"काऊन उभी राहिली तिथं? थंडी घुसून राहिली घरात. दार लाव," आतून आमचे हे ओरडले.

दार लावलं. पण तोवर मनात येऊन गेलं होतं ते येऊन गेलं होतं. धुई पडली, म्हणजे आज क्लास आहे, आणि माझा धडा काही तयार नाही.

आता कसला क्लास आणि कसला धडा! नोकरीतून मोकळी होऊन बसली आहे मी. गिटार कपाटावर गवसणीत आहे, नातवंडं आली की खाली काढायची. तरी दरवर्षी कापणी झाली, धुई पडली, की हे असं होतं. हात गार पडतात. चहा कडू लागतो. अंगाला त्या एका हिवाळ्याची सवय लागून गेली ती गेलीच.

सांगायला बसली की सगळं एकदम तोंडाशी येतं, म्हणून जरा सरळ सांगते. गोंदियाच्या एका इंग्रजी शाळेत मी संगीत शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, गिटार घेऊन उभी राहायची आणि पोरं गायची. मी स्वतः कुठं शिकलेली नाही. आमचे बाबा गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात त्यांना घरी जेवायला फुरसत नसायची, आज या गावच्या विहारात, उद्या त्या गावच्या. त्यांच्या मांडीला टेकून बसता बसता मला पेटी आली. गिटार भावाची. तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याचं लग्न झालं, ऑर्केस्ट्रा सुटला आणि गिटार आमच्या घरी येऊन पडली, एक तार तुटलेली. ती तार कोणती हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कानानं बाकीच्या पाच तारा लावल्या आणि जो सूर राहून गेल्यासारखा वाटला, तो सहाव्या तारेला दिला. पुढं कळलं की बरोबर दिला होता.

म्हणजे बघा, माझं सगळं कानावर चालायचं. गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा हातात यायचं. शाळेनं मला बोलावलं तेही एका कार्यक्रमात वाजवताना ऐकूनच. दर जूनमध्ये बोलवायचे, दर एप्रिलमध्ये 'बघू' म्हणायचे. त्या 'बघू'वर मी बरीच वर्षं काढली. सवय झाली होती.

मग नव्या प्रिन्सिपल मॅडम आल्या. वाईट नव्हत्या हो बाई. साफ होत्या. त्यांनी एक दिवस बोलावून समोर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मैडम, आप बजाती अच्छा हैं. बच्चे खुश हैं. लेकिन फाइल में क्या लगाऊँ? बच्चों की खुशी लगाऊँ?"

मी हसली. त्याही हसल्या. हसून बोलल्या म्हणून जास्त भीती वाटली. त्यांचं म्हणणं असं, की नागपूरला फेब्रुवारीत गिटारची परीक्षा होते, परदेशातून परीक्षक येतात. ती पास झाली तर जागा कायम. नाही झाली तर जूनपासून दुसरं कोणी बघावं लागेल, वरून तसा नियम आला आहे.

परीक्षेत नेमलेल्या तीन चीजा वाजवायच्या. त्याची मला चिंता नव्हती, ऐकायला मिळाल्या की बसल्या. सूरपट्ट्या, म्हणजे स्केल, वाजवायच्या, तेही ठीक. पण शेवटी एक होतं, त्याला साइट रीडिंग म्हणतात. कधी न ऐकलेला, कधी न पाहिलेला नोटेशनचा कागद समोर ठेवतात, थोडा वेळ बघू देतात, की वाजवा. पाच रेघा आणि त्यांच्यावर लटकलेले काळे ठिपके. तिथं माझ्या कानाला काही कामच नव्हतं. मी तो नमुन्याचा कागद घरी आणला, दिव्याखाली धरला, आडवा धरला. आमचे हे म्हणाले, "उलटा तं नाही नं धरला?" मला सांगता आलं नाही.

माझी आई आठवली मला तेव्हा. साक्षरतेचे वर्ग निघाले होते ना, त्यात म्हातारपणी तिला बसवलं होतं आम्ही. पाटी घेऊन जायची आणि रडवेली होऊन यायची. म्हणायची, "पोरी, अक्षरं मले पाहून हासतेत." मला तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं होतं, घरात सगळ्यांना सांगितलं होतं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर ते ठिपके माझ्याकडं बघून हसायला लागले, तेव्हा आईला काय झालं असेल ते समजलं. लहानपणी शिकताना चुकलं तर मार बसतो आणि विसरायला होतं. मोठेपणी कोणी मारत नाही. तेच वाईट असतं.

त्या वर्षी आमच्या समोरच्या खोलीत लव्हीना भाड्यानं राहायची. गोव्याची पोर. आमच्याकडं बिरशीला विमानतळ आहे आणि तिथं विमान चालवायला शिकवतात. देशभरातून पोरं येतात, त्यातली ही. बारीक अंगाची, केस कापलेले, पांढरा शर्ट घालून सायकलनं जायची. शेजारच्या कांताबाईनं तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काय वं पोरी, वर गेल्यावर भेव नाही लागत?"

"लागतं ना," ती म्हणाली.

"मंग कायले जातस?"

"खाली पण लागतं, म्हणून." आणि खो खो हसली. कांताबाई माझ्याकडं बघून म्हणे, पोरगी चांगली आहे, पण थोडी येडीच दिसते.

या लव्हीनाला नोटेशन वाचता यायचं. लहानपणी चर्चमध्ये शिकलेली. वाजवायची मात्र यथातथाच, तीच सांगायची, "माझे डोळे शिकले आंटी, बोटं नाही शिकली." माझं बरोबर उलटं. मी तिला विचारलं, शिकवशील का? ती म्हणाली शिकवीन, पण सकाळी उडायला जायचं असतं, दुपारी वर्ग असतो, संध्याकाळी पाठांतर. मग वेळ कोणता? तर ज्या दिवशी पहाटे धुई पडेल त्या दिवशी विमानं उडत नाहीत. धुई सुटेपर्यंत ती मोकळी. धुई पडली की क्लास.

असा तो हिवाळा सुरू झाला. माझ्या नोकरीचा भरवसा आभाळावर.

पहिल्या क्लासला ओट्यावर बसलो, तिच्या गळ्यात मफलर, माझ्या अंगावर दोन शाली. ती म्हणाली, "आंटी, ही खालची पहिली रेघ E."

"ते राहू दे. सा कुठं आहे ते सांग."

"सा नाहीये यात."

"सा नाही?"

"C आहे, D आहे. जे जिथं आहे तिथंच राहतं. हलत नाही."

मी गिटार खाली ठेवली. पेटीवाल्याच्या घरची मी. गाणारा कोणत्याही पट्टीत आला तरी आधी त्याचा सा पकडायचा, मग बाकीचं जग त्याच्याभोवती मांडायचं. साच नाही तर उभं कशावर राहायचं? मी शहाणपणा केला. प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलनं बारीक सा, रे, ग लिहून काढलं. दुसऱ्या धुईला लव्हीनानं पुस्तक उघडलं, बघितलं, खिशातून खोडरबर काढलं आणि सगळं खोडत बसली. मी बघत होती. माझी काठीच कोणी काढून घेतल्यासारखं झालं.

"असं नको गो आंटी," ती म्हणाली. "तुम्ही ठिपका नाही वाचत, खालचं अक्षर वाचता. परीक्षेत खाली काय असणार?"

"तिथं मनात लिहीन."

"वेळ कुठं आहे मनात लिहायला?"

खरं होतं. पण खरं असलं की बरं वाटतं असं थोडंच आहे.

आणि गिटारचा अजून एक घोळ असतो, तो पेटीला नाही. पेटीवर एक सूर म्हणजे एक पट्टी, दाबली की संपलं. गिटारवर एकच ठिपका तीन-तीन ठिकाणी वाजतो. सर्वांत बारीक तार मोकळी सोडली की जो सूर येतो, तोच तिच्या शेजारच्या तारेवर पाचव्या घरात आहे, तिच्याही पलीकडच्या तारेवर अजून पुढं आहे. कागद नुसता ठिपका दाखवतो. कुठं वाजवायचा ते तुम्ही ठरवा. म्हणून पुस्तकात ठिपक्यांच्या बाजूला बारीक आकडे असतात, कोणत्या बोटानं दाबायचं त्याचे. मला ते आकडे म्हणजे देवच भेटल्यासारखे वाटले. ठिपके परके, पण आकडे तर ओळखीचे.

नेमकं तेव्हाच आभाळ उघडलं. रोज लख्ख ऊन. लव्हीना पहाटे निघायची ती अंधार पडताना यायची, आनंदात. आमचे हेही आनंदात, कडपा वाळून राहिल्या, आता भारे बांधून त्यांची पुंजणं रचता येतील. मीच एकटी तोंड पाडून. म्हटलं, ठीक आहे, आकडे आहेत ना, त्यांच्या भरवशावर एकटी शिकते.

आता पेटी शिकलेल्या माणसाला विचारा, एक नंबरचं बोट कोणतं? अंगठा. मग दुसरं, तिसरं, करंगळी पाचवी. आमच्या बाबांनी तसंच शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. तेव्हा पुस्तकात 'एक' दिसला की मी गिटारची मान मुठीत धरून अंगठा वरून वाकवायची आणि तार दाबायची. जाड तारांपर्यंत तो कसाबसा पोचायचा. पण पुस्तकात बारीक तारेवरही 'एक' लिहिलेला! अंगठा तिथं कसा जाणार? मी मान वाकडी केली, गिटार पोटावर आडवी केली, कोपर भिंतीला टेकवलं. मनात म्हणायची, परदेशातल्या लोकांचे अंगठे लांब असतील. आपले नाहीत तर मेहनतीनं करू.

पुढची धुई पडली तेव्हा माझा अंगठा सुजलेला, त्यावर हळदीचा लेप.

"आंटी, हें कितें?" लव्हीना घाबरली.

"तुझ्या पुस्तकाचं काम आहे. बस, दाखवते." आणि मी मोठ्या तोऱ्यात पूर्ण धडा वाजवून दाखवला, अंगठ्यासकट.

ती आधी बघत राहिली. मग तोंडावर मफलर दाबला. मग ओट्यावर आडवीच पडली हसून हसून. गिटारच्या नोटेशनमध्ये अंगठा मोजत नाहीत. एक म्हणजे अंगठ्याजवळचं बोट. मी सगळं एक बोट सरकवून शिकली होती, आणि चांगलं घट्ट शिकली होती.

आतून हे आले, काय झालं म्हणून. त्यांना सांगितलं. तर म्हणतात, "वा! इंग्रजी शाळेची मॅडम अन् अंगठेबहाद्दर!"

मीही हसली तेव्हा. पण दुपारी शाळेच्या बसमध्ये बसली आणि एकदम रडू आलं. लेप धुऊन टाकला होता तरी बोटाला पिवळा डाग होता. शिकलेलं विसरणं हे न शिकलेलं शिकण्यापेक्षा अवघड असतं. दिवस तर कमी होऊन राहिले होते.

त्यानंतर पहाटेचं आमचं एक ठरूनच गेलं. मी दार उघडून बाहेर यायची, त्याच वेळी लव्हीनाचं दार उघडायचं. दोघी आभाळाकडं बघायचो. तिला ऊन पाहिजे. तिचेही उडायचे तास भरायचे होते, ते भरल्याशिवाय लायसन्स नाही, आणि घरी आई वाट बघत होती की पोर उन्हाळ्यात तरी मोकळी होते का. मला धुई पाहिजे. मागून हे यायचे टॉवेल गुंडाळून, त्यांना धान उपणायला वारा पाहिजे. तीन माणसं एका ओट्यावर तीन आभाळं मागून राहिलेली.

एका पहाटे अशी धुई होती की दोघींना एकमेकींचं नुसतं पांढरं दिसलं. माझा श्वास सुटला. आवाज आला असावा. लव्हीना म्हणाली, "आंटी, खुश झालात ना?"

आत जाऊन चहा टाकला. आलं जास्तच पडलं त्यात. तो चहा पिता पिता ती म्हणाली, "मी पण काल ऊन बघून खुश झाले होते. फिट्टंफाट." तरी त्या दिवशी ती शिकवताना मधेच मान वर करून आभाळ बघायची, आणि तिनं बघितलं की मी पण बघायची. ती बघायची सुटली का म्हणून, मी बघायची टिकली का म्हणून.

त्याच सुमारास लागोपाठ धुई पडत गेली. क्लास भरपूर झाले. लव्हीना गप्प गप्प होत गेली आणि मला ठिपके ओळखू यायला लागले. ओळखू यायला लागले तेव्हा खरी गडबड सुरू झाली. दोन ओळी वाचल्या की माझा कान पुढची ओळ ठरवून टाकायचा. आता हा सूर खाली येणार, घरी परतणार, सगळी गाणी परततात. मी डोळे कागदावर ठेवून कानानं वाजवायची. चांगलंच वाजवायची. फक्त कागदावर ते नसायचं.

"थांबा," लव्हीना म्हणायची. "हे कुठं लिहिलंय?"

"असंच असणार ना पुढं."

"असणार नाही. काय आहे ते बघा."

"अगं, माझंच जास्त गोड लागतं."

"लागतं. पण ते नाहीये तिथं."

मग तिनं सांगितलं. विमान ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हा अंग सांगतं, आपण सरळ चाललोय. शपथेवर सांगतं. आणि विमान वळत असतं, खाली जात असतं. म्हणून शिकवताना पहिलं हेच घोकून घेतात, की अंगाचं ऐकायचं नाही, समोरच्या काट्यांकडं बघायचं. "माझं सगळ्यात जास्त तिथंच चुकतं आंटी," ती म्हणाली. "काटा सांगतो उजवीकडं, माझं पोट सांगतं नाही. मी पोटाचं ऐकते. सर ओरडतात."

मला राग आला, खरं सांगते. माझा कान खोटं बोलतो असं कोणी मला आयुष्यात म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझं पोट खोटं बोलत असेल. माझा कान बाबांनी तयार केलेला आहे."

ती म्हणाली, "कान खोटा नाही हो. पण तो आधीचं सांगतो. हे नवीन आहे ना."

कानात जे काही आहे ते सगळं आधीचंच असतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आणखी एक नियम तिनं लावून दिला. चुकलं तरी मागं जायचं नाही. माझी सवय अशी, की बोट घसरलं की जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचं. ती म्हणायची, हवेत रिव्हर्स नसतो. चुकलं ते गेलं, पुढचा ठिपका बघा. ती चमच्यानं ओट्याच्या फरशीवर टकटक ताल द्यायची आणि मी अडखळली तरी चमचा थांबायचा नाही. स्वप्नात यायचा मला तो चमचा. शाळेत पोरं बाक वाजवायची तरी मी दचकायची.

जानेवारी सरत आला तशी धुई कमी झाली. लव्हीना उडून राहिली होती. दुपारी शाळेच्या मैदानावरून विमान गेलं की पोरं वर बघून हात हलवायची आणि मी मनात म्हणायची, बघ बाई काट्याकडं, पोटाचं ऐकू नको. स्टाफरूममध्ये कोणी सहज विचारायचं, "मैडम, तैयारी हो गई?" मी म्हणायची, हो गई. एकदा प्रिन्सिपल मॅडमनी जिन्यावर थांबवून सांगितलं, की नागपूरहून एका मुलानं या जागेसाठी अर्ज पाठवला आहे. "बता रही हूँ बस, आप टेन्शन मत लो." आता सांगितल्यावर कसं नाही घेणार? त्या दिवशी मी पोरांना गाणं सांगताना आपलं नेहमीचं गाणं विसरली. पोरांनीच पुढं म्हटलं.

परीक्षेला आम्ही सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो, मी आणि हे. लव्हीनाला यायचं होतं, पण आभाळ स्वच्छ होतं. दारात उभी राहून तिनं माझा डावा हात हातात घेतला, बोटांची टोकं दाबून बघितली, कडक झाली का म्हणून, आणि सायकल काढली.

परीक्षेच्या ठिकाणी बाहेर बाकावर सगळी पोरंच पोरं. दहा-बारा वर्षांची, आयांसोबत आलेली. एका आईनं मला विचारलं, "आपका बच्चा अंदर है?" मी म्हटलं, हां. काय सांगू! गिटार यांच्याकडं होती आणि ते ती अशी धरून बसले होते जशी पाहुण्यांची पोर मांडीवर दिली आहे. माझे हात इतके गार की मी ते गळ्याला लावून बसली.

आत एक गोरा म्हातारा परीक्षक. पातळ केस, चष्मा नाकावर, टेबलावर पाण्याचा पेला. तीन चीजा झाल्या. सूरपट्ट्या झाल्या. मग त्यांनी तो कागद ठेवला. नजर पडली आणि सगळे ठिपके एकदम हलले. मुंग्या पडल्या असाव्यात तसे. मी डोळे मिटले, उघडले. सुरुवातीची खूण बघितली, ताल बघितला. म्हाताऱ्यानं पेन्सिल उचलली आणि मी सुरू केलं.

पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत कान म्हणाला, आता खाली. कागद म्हणत होता, वर. मी वर गेली. अंगावर काटा आला, कारण मला माहीत नव्हतं की हे बरोबर लागतंय की नाही. ऐकलंच नव्हतं ना कधी. मग एक थांबा आला, नुसतं गप्प राहायची खूण. तिथं हात काहीतरी भरायला धावला, त्याला धरून ठेवलं. आणि तिसऱ्या ओळीत एक ठिपका मी पकडेपर्यंत निघून गेला. सपशेल गेला. सगळं अंग म्हणालं मागं फिर. मी पुढचा ठिपका बघितला.

बाहेर आली. हे उठून उभे राहिले. "कसं झालं?"

"चुकलं."

"मंग?"

"मंग पुढं गेली."

त्यांना काय समजलं असेल कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि पाण्याची बाटली दिली.

निकालाचं सांगून टाकते, नाहीतर तुम्ही अडकून बसाल. निकाल उन्हाळ्यात आला. पास झाली. काठावर नाही, पण काठ दिसत होता. साइट रीडिंगला सर्वांत कमी गुण. प्रिन्सिपल मॅडमनी कागद फाइलला लावला, "चलो, अच्छा हुआ" म्हटलं आणि लगेच पंधरा ऑगस्टच्या गाण्याचं विचारलं. नोकरी शेवटपर्यंत राहिली. लव्हीनाचेही तास भरले. कुठं असेल आता, कुठल्या आभाळात. पण निकाल यायच्या आधीचे ते सगळे दिवस मी एका न वाजलेल्या ठिपक्यावर काढले. त्या एकाच ठिपक्यात माझी जागा गेली असं मला उठता-बसता वाटायचं. आणि ते सुरू झालं परीक्षेच्याच संध्याकाळी, नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर.

गाडीला उशीर होता. आम्ही गिटार मधे ठेवून बाकावर बसलो होतो. हे संत्रं सोलत होते, मला एक फोड, त्यांना एक. मी दुपारचं सगळं मनात पुन्हा पुन्हा चालवत होती, आणि चालवता चालवता गुणगुणत असणार, कारण यांनी संत्रं सोलायचं थांबवलं.

"हे कोणतं गाणं आहे?"

"मले का मालूम? दुपारी कागदावर होतं."

"चांगलं आहे. मधात काऊन थांबते पण?"

मला कळलंच नव्हतं मी थांबत होती ते. पुन्हा म्हणून बघितलं. पहिली ओळ, मग ती वर जाणारी, मग तो गप्प राहायचा थांबा, आणि तिसऱ्या ओळीत एका जागी आवाज बंद.

"तिथं चुकली मी," मी म्हटलं.

"मंग टाक नं काहीबी. तुले तं येते तसं."

येत होतं. तोंडात तीन-चार सूर तयार होते, कोणताही बसला असता, ऐकणाऱ्या कोणालाही कळलं नसतं. जन्मभर मी तेच केलं होतं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"नाही टाकता येत," मी म्हटलं. "तिथं काहीतरी लिहिलेलं होतं."